चौकट आली, चित्र केव्हा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत २५ हजार रुपये धरली, तर जो संच पूर्वी ३२ हजारांना पडला असता तो आता साडेएकोणतीस हजारांना पडतो. अडीच हजारांची ही सवलत काही थोडी नव्हे. परतवाड्यासारख्या गावात, जेथे आठवड्याचा बाजार, लाकडाच्या वखारी, संत्र्याचा हंगाम आणि महिन्याच्या पहिल्या तारखेचा पगार यांवर दुकानदारी चालते, तेथे अशा सवलतीची बातमी वर्तमानपत्राआधी दुकानाच्या पाट्यांवर पोचते. आता या पाट्यांवर कराच्या सवलतीबरोबरच दुसराही एक शब्द ठळक अक्षरांत असतो : ‘फोर-के’. शिक्षक, कारकून, नुकताच नोकरीला लागलेला तरुण असे सगळेच आज एका प्रश्नाशी अडखळले आहेत. घरातला संच चालू स्थितीत आहे. तो काढून हा अतिसुस्पष्ट चित्राचा संच घ्यावा की न घ्यावा?

दुकानदाराचे उत्तर ठरलेले आहे. ‘‘सर, आता हेच घ्या. दुसरं काई राह्यलंच नाई.’’ त्याचे हे म्हणणे अगदीच खोटे नाही, आणि त्याकडे आपण पुढे वळणारच आहोत. परंतु खरेदीचा निर्णय करण्यापूर्वी आपण विकत काय घेतो आहोत याचा हिशेब एकदा मांडून पाहणे बरे.

दूरचित्रवाणीचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आपण ज्याला साधे प्रक्षेपण म्हणतो त्यात एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार चित्रबिंदू असतात. ‘फुल एचडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार; आणि फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार. साध्या चित्राच्या मानाने फोर-के पडद्यावर बरोबर वीसपट बिंदू आहेत. ही वीसपट ऐकताना मोठी सुखावह वाटते. पण तिचा दुसरा अर्थ कोणी सांगत नाही. साधे प्रक्षेपण या पडद्यावर लावले, की दर वीस बिंदूंपैकी एका बिंदूपुरताच मजकूर प्रक्षेपण केंद्राकडून आलेला असतो. उरलेले एकोणीस संचातील यंत्रणा शेजारपाजारचे बिंदू पाहून अंदाजाने भरते. हा अंदाज आता पुष्कळ हुशारीने केला जातो, हे मान्य. तरीही तो अंदाजच. चेहऱ्यावरची सुरकुती मूळ चित्रात नसेल, तर यंत्राने ती कोठून आणावी?

आता आपल्या घरी येते काय, ते पाहू. वऱ्हाडातल्या असंख्य घरांवर ‘डीडी फ्री डिश’ची छत्री आहे. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही दूरदर्शनची विनाशुल्क सेवा म्हणजे मासिक वर्गणी न परवडणाऱ्या कुटुंबांचा मोठाच आधार होय. तिच्यावरील बहुसंख्य वाहिन्या आजही साध्या दर्जाच्याच आहेत. ज्यांच्या घरी केबल अथवा खासगी छत्री आहे, त्यांतलेही बरेच जण वर्गणी वाचविण्यासाठी साध्या वाहिन्यांचाच गट घेतात. त्यात वावगे काही नाही. २०१९ साली लागू झालेल्या नव्या दररचनेत एक उच्च दर्जाची वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर मोजली गेली, तेव्हा काटकसरी माणसाने काय निवडावे हे सांगावयास नकोच. अशा घरात फोर-के संच नेऊन ठेवणे म्हणजे आमच्या अचलपूर-मुर्तिजापूर अरुंदमापी रुळांवर ब्रॉडगेजचे इंजिन आणून उभे करण्यासारखे आहे. इंजिन उत्तम असेल. दोष त्याचा नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा डोळ्यांचा आहे, आणि तो जाहिरातीत कधीच नसतो. निरोगी डोळ्यास साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. त्याहून जवळ असलेले बिंदू एकमेकांत मिसळून दिसतात. नेत्रवैद्याच्या भिंतीवरील अक्षरांचा तक्ता याच मापावर बेतलेला आहे. हे माप ४३ इंची पडद्यास लावून पाहा. त्यावरील फुल एचडी चित्राचा एक बिंदू अर्ध्या मिलिमीटरएवढा असतो. भूमितीचा साधा हिशेब केला, तर पावणेदोन मीटरपलीकडून, म्हणजे सुमारे साडेपाच फुटांपलीकडून, हा बिंदू वेगळा दिसेनासा होतो. म्हणजेच ४३ इंची पडद्यापासून साडेपाच फुटांहून दूर बसणाऱ्यास फुल एचडी आणि फोर-के यांतील बिंदूंचा फरक तत्त्वतः दिसू नये. फोर-केचे सारे बिंदू वसूल करावयाचे, तर पडद्यासमोर पावणेतीन फुटांवर जाऊन बसले पाहिजे. पडदा ५५ इंची असेल तर ही साडेपाच फुटांची मर्यादा सात फुटांवर जाते, आणि ६५ इंची असेल तर साडेआठ फुटांवर.

आता आपापल्या घरातली बैठकीची खोली आठवावी. दहा बाय बाराची खोली, एका भिंतीला संच, समोरच्या भिंतीला दिवाण. मधले अंतर आठ-नऊ फूट. दिवाणावर आजोबा, खाली सतरंजीवर मुले, स्वयंपाकघराच्या दारातून अधूनमधून डोकावणारी गृहिणी. या सर्वांपैकी ४३ इंची फोर-के पडद्याचा पुरता लाभ घेणारा एकच जण संभवतो : संचाच्या पुढ्यात जाऊन बसणारे लहान मूल. त्यास तर आपण दिवसातून दहा वेळा ‘मागे सरक’ म्हणून ओरडत असतो!

उलटपक्षी हेच गणित साध्या प्रक्षेपणाला लावले, तर ४३ इंची पडद्यावर त्याचे बिंदू साडेदहा फुटांपर्यंत जाणवतात. नवा मोठा संच घरी आणल्यावर पुष्कळांचा जो विरस होतो, त्याचे कारण येथे आहे. जुन्या लहान पडद्यावर जी बातमी नीटनेटकी दिसत होती, ती नव्या पडद्यावर पुसट आणि फाटल्यासारखी दिसू लागते. संच बिघडला असे समजून दुकानात तक्रारीही जातात. संच बिघडलेला नसतो. लहान पडद्याने झाकलेला प्रक्षेपणाचा दोष मोठ्या पडद्याने उघडा पाडलेला असतो. तेव्हा परतवाड्यातील घराला खरोखर जाणवणारी सुधारणा साध्या चित्रापासून उच्च दर्जाच्या चित्राकडे जाण्यात आहे. तेथून फोर-केकडे जाण्यात ती फारच थोडी उरते. जो पैसा संचावर घालावयाचा, त्यातला थोडा जरी चांगल्या प्रतीच्या वाहिन्यांच्या वर्गणीवर घातला तर डोळ्यांना अधिक मिळेल.

‘‘आज प्रक्षेपण नसेल, पण उद्या येईलच की! रंगीत संचांचे तसेच झाले नव्हते काय?’’ असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. १९८२ साली भारतात रंगीत प्रक्षेपण आले. १५ ऑगस्टचा दिल्लीतील सोहळा रंगांत दाखविण्यात आला, नोव्हेंबरात आशियाई क्रीडास्पर्धा आल्या, आणि ज्यांना शक्य होते त्यांनी परदेशी बनावटीचे रंगीत संच घेतले. त्या वेळी सर्व कार्यक्रम रंगीत नव्हते; ते व्हावयास काही काळ जावा लागला. लहान गावांपर्यंत तर चित्रच मोठ्या प्रमाणावर पोचले ते १९८४ साली देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे विणले जाऊ लागले तेव्हा. पण १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा ज्याच्या घरी रंगीत संच होता त्याचे घर रविवारी सकाळी गल्लीचे सभागृह झाले. आधी घेतले म्हणून त्याचे फारसे बिघडले नाही.

परंतु त्या प्रसंगात आणि आजच्यात दोन मोठे भेद आहेत. पहिला असा की, १९८२ मध्ये प्रक्षेपण करणारी संस्था एकच होती आणि ती सरकारची होती. तिने रंगीत व्हावयाचे ठरविले आणि देश रंगीत झाला. आज असा निर्णय करणारे कोणीच नाही. दुसरा भेद रंग आणि बिंदू यांच्या स्वभावातला आहे. काळ्यापांढऱ्या चित्राला रंग आला, हे दहा फुटांवरून चष्मा न लावताही कळत होते. वीस लाख बिंदूंचे ऐंशी लाख झाले, हे सांगितल्याशिवाय बहुतेकांना कळत नाही. आणि जे सांगावे लागते त्यासाठी जाहिरातदार जादा दर देत नाही. प्रक्षेपणाची आर्थिक मेख हीच आहे. उपग्रहावरील जागा भाड्याने घ्यावी लागते. एका फोर-के वाहिनीला जेवढी जागा लागते, तेवढ्यात साध्या दर्जाच्या अनेक वाहिन्या मावतात आणि त्या प्रत्येकीवर जाहिराती दाखविता येतात. मालिकेच्या नायिकेच्या शालूची जर अधिक स्पष्ट दिसली म्हणून साबणाची जाहिरात महाग विकली जात नाही. मग वाहिनीच्या मालकाने हा खर्च का करावा?

अनुभव याच अनुमानास दुजोरा देतो. दूरदर्शनची उच्च दर्जाची वाहिनी २०१० च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आली. स्टार प्रवाह आणि झी मराठी यांच्या उच्च दर्जाच्या आवृत्त्या मात्र २०१६ साली निघाल्या. सहा वर्षांचे अंतर. फोर-के चित्र भारतीय छत्र्यांवर २०१५ च्या आरंभी अवतरले आणि त्या वर्षीच्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेतील काही सामने तसे दाखविण्यातही आले. तेव्हा जे म्हणाले की आता वर्षा-दोन वर्षांत सारे असेच होणार, त्यांनी घेतलेले संच आज जुने झाले आहेत, आणि मराठीत अद्याप एकही नियमित फोर-के वाहिनी नाही. शकुंतला गाडीच्या रुंदीकरणाच्या घोषणा ऐकलेल्या आणि नंतर तीच बंद पडलेली पाहिलेल्या आम्हा लोकांना ‘लवकरच येत आहे’ या शब्दांचे मोल निराळे सांगण्याची गरज नसावी.

घाई करणाऱ्यांचे हसे झाल्याची उदाहरणे संपन्न देशांतही आहेत. जपानच्या सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेने १९८९ पासून नव्या ‘हाय-व्हिजन’ पद्धतीचे रोज तासभराचे प्रायोगिक प्रक्षेपण केले. लोकांनी भारी किमतीचे संच घेतले. पुढे अंकीय पद्धत आली, आणि २००७ साली ते जुने प्रक्षेपण कायमचे थांबले. २०१० साली त्रिमिती संचांचा गाजावाजा झाला, ते विशिष्ट चष्मे घालून पाहावयाचे. २०१७ पर्यंत मोठ्या उत्पादकांनी त्यांचे नावही टाकले होते. फोर-केची गत तशी होईल असे आम्ही म्हणत नाही, ते टिकणारच. पण त्याचेही अगदी पहिले संच ज्यांनी २०१२-१३ मध्ये घेतले, त्यांना लवकरच कळून चुकले की पुढे आलेल्या नव्या जोडणीशी आणि चित्र दाबून पाठविण्याच्या नव्या पद्धतीशी त्यांच्या संचाचे जुळत नाही.

प्रक्षेपण नसले तरी इंटरनेट आहे, हे उत्तर आता घराघरांतली मुले देतात. येथे फोर-के खरोखरच मिळते. २०२३ सालची आयपीएल स्पर्धा जिओ-सिनेमाने विनामूल्य आणि फोर-के चित्रात देऊ केली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. पण या वाटेवरही जकातनाके आहेत. नेटफ्लिक्सची फोर-के चित्राची वर्गणी सर्वांत वरच्या श्रेणीची, महिना ६४९ रुपयांची राहिली आहे. वर्षाला पावणेआठ हजारांहून अधिक. अशा चित्राला सेकंदाला १५ मेगाबिटचा अखंड वेग लागतो आणि तासाला सुमारे सात गिगाबाइट खर्च होतात. रोज दोन गिगाबाइट देणाऱ्या मोबाइलच्या योजनेवर हे चित्र सतरा मिनिटे चालेल आणि मग थांबेल. ज्याच्या घरी तंतूची जोडणी आली आहे त्याने याची चिंता करू नये. पण परतवाड्याहून घाट चढून मेळघाटात शाळेवर जाणारे आमचे शिक्षकबंधू, जे एक दूरध्वनी लागावा म्हणून टेकडी शोधतात, त्यांना पंधरा मेगाबिटची गोष्ट सांगणे ही थट्टा ठरेल.

फोर-केच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते बाजूला सारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सर्वांत मनोज्ञ बाब जुन्या चित्रपटांची. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर जे छायाचित्रण झाले, त्यात मुळातच इतका तपशील साठविलेला असतो की पन्नास वर्षांनीही तो फोर-के पडद्यावर उतरविता येतो. विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला, स्मिता पाटील यांच्या अभिनयाने गाजलेला १९७६ चा ‘मंथन’ अशा रीतीने फोर-केमध्ये पुनर्संस्कारित होऊन २०२४ साली कान महोत्सवात दाखविला गेला. गुजरातेतील पाच लाख दूधउत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून निघालेला हा चित्रपट नव्या चित्रबिंदूंतून पाहावयास मिळावा, याहून चांगला उपयोग या तंत्राचा कोणता? उलट ज्या मालिका टेपवर नोंदल्या गेल्या, त्यांच्या नशिबी मात्र ५७६ रेषाच कायमच्या आल्या. म्हणजे नियतीचा खेळ असा, की आजोबांच्या तरुणपणीचा सिनेमा नव्या संचावर खुलेल आणि वडिलांच्या लहानपणीची मालिका पुसटच राहील.

दुसरी बाब अशी की, दुकानदाराचे ‘दुसरं काई राह्यलंच नाई’ हे वाक्य मोठ्या आकारांपुरते खरे आहे. ५० इंचांपुढे फोर-के नसलेला संच शोधूनही मिळणे कठीण झाले आहे आणि ४३ इंचांतही तो सर्वसाधारण झाला आहे. तेव्हा ज्याचा संच खरोखर बंद पडला आहे आणि ज्याला मोठाच पडदा हवा आहे, त्याने या प्रश्नावर रात्र जागविण्याचे कारण नाही. फोर-के त्याच्या पदरात आपोआप पडेल. त्याने पैसे मोजावेत ते दुसऱ्या गुणांसाठी. उजेडात चित्र किती तेजस्वी दिसते, काळा रंग काळाच दिसतो की राखाडी, आवाज स्पष्ट आहे काय, दुरुस्ती अमरावतीस जाऊन करावी लागेल की येथेच होईल, हे त्याने पाहावे. तेज आणि छाया यांची जी नवी सुधारणा ‘एचडीआर’ या नावाने येते, तिचा परिणाम दहा फुटांवरूनही जाणवतो; पण स्वस्त संचांत ती बहुधा खोक्यावरच्या छापापुरती असते, कारण पडद्यातच पुरेसे तेज नसते.

मात्र ज्याचा संच चालू आहे, त्याने केवळ बिंदूंच्या मोहाने तो काढू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. आजचा संच ही पूर्वीसारखी पंधरा-वीस वर्षांची वस्तू राहिलेली नाही. तो अर्धा संगणक आहे आणि संगणकासारखाच लवकर म्हातारा होतो. २०१९ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने २०१०-११ च्या काही संचांवरील आपली सेवा थांबविली. पडदे धडधाकट होते, आतली प्रणाली जुनी झाली होती. आज घेतलेल्या संचाचे घड्याळ आजपासूनच चालू होते. ज्या दिवशी मराठी वाहिन्या फोर-केवर येतील त्या दिवशी तो संच तरुण असेल की उतारवयात, हा विचार हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी करावा. आणि ‘विनाव्याज हप्ता’ या शब्दावरही फार विसंबू नये. शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. रोखीच्या ग्राहकाला जी सूट मिळते ती हप्त्याच्या ग्राहकाला मिळत नाही. व्याज तेथे दडलेले असते.

शाळांच्या बाबतीत दोन शब्द. गावकऱ्यांच्या वर्गणीतून वर्गासाठी संच घेण्याची चांगली प्रथा आपल्याकडे पडली आहे. तेथे शेवटच्या बाकावरचे मूल पडद्यापासून वीस फुटांवर बसते. त्याला बिंदू मोजावयाचे नसतात, अक्षर वाचावयाचे असते. फोर-केच्या अट्टाहासापायी लहान पडदा घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत मोठा आणि साधा पडदा घेणे, खिडकीला पडदे लावणे आणि विजेची सोय नीट करणे हे केव्हाही श्रेयस्कर.

वैयक्तिक खरेदीपलीकडेही या प्रश्नाला एक बाजू आहे. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्या सुधारणेसाठी २,५३९ कोटी ६१ लाख रुपयांची योजना मंजूर केली. तीत दुर्गम आणि आदिवासी भागांत फ्री डिशचे आठ लाखांहून अधिक संचजोड मोफत वाटण्याचा संकल्प होता. मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणांस या संकल्पाचे महत्त्व कळते. पण विनाशुल्क सेवेवरचे चित्र साधेच राहणार असेल, तर उच्च दर्जाचे चित्र ही वर्गणी भरणाऱ्यांची मिरास ठरेल. सह्याद्रीवरील बातम्या, शेतीचे कार्यक्रम, विद्यार्थ्यांचे पाठ हे फ्री डिशच्या छत्रीखाली निदान उच्च दर्जात यावेत, ही मागणी शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी करावयास हवी. फोर-के त्यानंतर आले तरी चालेल. कापसाचा रोग दाखविताना पानावरचा ठिपका शेतकऱ्याला ओळखू आला पाहिजे. एवढी स्पष्टता आज मागणे ही चैन नव्हे.

एवढे सारे ऐकूनही ज्याचे पाय दुकानाकडे वळतीलच, त्याने एक करावे. दुकानात संचावर जे चित्र सतत फिरत असते, म्हणजे पोपटाची पिसे, समुद्राचा फेस, पाण्यात टाकलेले फळ, ते त्याच संचासाठी मुद्दाम तयार केलेले असते. ते बंद करावयास सांगावे आणि आपल्या घरी जी वाहिनी येते तीच, आपल्या घरी येते त्याच दर्जात लावावयास सांगावी. मग मोजून नऊ फूट मागे जाऊन उभे राहावे. गेल्या दिवाळीत प्रस्तुत लेखकाने एका दुकानात ही विनंती केली. छत्रीची तार जोडावयास दुकानातल्या पोराला दहा मिनिटे लागली. संध्याकाळच्या बातम्या लागल्या. शेजारी उभ्या असलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून नव्या संचाकडे पाहिले, कोपऱ्यातल्या जुन्या ३२ इंचीकडे पाहिले, आणि किंमत विचारली ती भिंतीवर लावलेल्या पंख्याची.